भागाबाईचं ढेकूळ

नकाशा म्हटलं का माह्या अंगाची लाही होते. काऊन होते ते सांगते, मंग मले खुशाल कजाग म्हना.

भागाबाई माही सासू. आमचं गाव भीमपूरच्या अंगाला, पैनगंगेपासून कोसभर. आता मोठं बाजाराचं गाव झालं, तवा लहान व्हतं. मंदात नाला. वरल्या अंगाला पाटलाची, कुनब्याची, वान्याची घरं. खालच्या अंगाला आमचा महारवाडा, आमच्यावरून गेलेला वाराबी गावाले लागू नये अशा जागी!

पन गावाची शीव कोनाले मालूम? महाराले. माहा सासरा शीवेचा राखनदार व्हता, तो गेल्यावर ते काम सासूवर आलं. कोन्ता धोंडा कोन्या बोरीखाली पुरला, तिले समदं पाठ. शीवेचं भांडन लागलं का रीत अशी: शीवेवरच्या मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्याचं अन् चालाचं. जिथून पाय जाईन तीच शीव. खोटं चालनाराचा वंश बुडते म्हने, म्हनून चालून झाल्यावर कोनी तोंड उघडाचं नाही.

मी लगन होऊन आली त्या साली मुलूख वाटला गेला. निजाम तं आधीच गेला व्हता. मराठवाडा तिकडं मुंबईत, आमी इकडं आंध्रात. साहेब नवे, कागद नवे. एक गिरदावर, जमीन मोजनारा सरकारी मानूस, साखळी घेऊन नवा नकाशा काढाले आला. म्हने, गावठानाच्या आत सरकारी विहीर खनू, तिच्यावर गावठानातल्या कोनीबी पानी भरावं.

पानी! आमाले गावच्या विहिरीपाशी घडे मांडून बसा लागे. कोनाले दया आली तं वरून ओतन. मी नवी नवरी, एकदा दुपारपावतर बसली, अन् कौशल्याबाई वानिनीनं दोन बादल्या ओतल्या त्या म्हशीच्या डोनीत. माहा घडा कोरडाच. तवापासून सासूले एकच ध्यास: आपला वाडा नकाशात आत आला पाह्यजे.

पैल्या दिवशी शेजारच्या गावाशी चाळीस एकर गाळाच्या रानाचा झगडा निघाला. उत्तमराव पाटील सोता नाल्यावर आला. जलमभर "ए भागे" म्हननारा, त्या दिवशी म्हने, "भागाबाई, गावाची लाज तुमच्या हाती हाय." तुमच्या! मी पदर तोंडात कोंबला. सासू चालली. भर उन्हात, अनवानी, तीन कोस. शेजारच्या गावचे लोक हात जोडून बाजूले झाले. गिरदावरानं लिवून घेतलं. रान आमच्या गावाचं झालं, म्हंजे पाटलाचं.

दुसऱ्या दिवशी गावठान मोजाचं व्हतं. कोनी बोलावलं नाही, तरी सासू तेच ढेकूळ घेऊन वेशीपाशी उभी. चालाले लागली. मारुतीच्या मांगून, कुंभाराच्या भट्टीवरून, अन् नाला आला तं वळली नाही. पान्यात उतरली, खालच्या अंगाला चढली, वाड्याचं एकूनएक घर पोटात घेतलं अन् फिरून वेशीत आली.

पाटील लालबुंद. "भागे, डोस्कं फिरलं का? गाव नाल्यापाशी सरते."

"पाटील," सासू म्हने, ढेकूळ डोक्यावर तसंच, "कालची चाल खरी का खोटी?"

"खरी."

"मंग आजची खोटी कशी? पाय तेच, ढेकूळ तेच. आजची खोटी असन तं कालचीबी खोटी. द्या ते रान वापस."

मले वाटलं, जितली माही सासू!

"काल शीव व्हती," पाटील म्हने. "शीव महाराची. गाव आमचं." अन् त्या गिरदावरानं, शिकल्यासवरल्या मानसानं, मान खाली घालून नाल्याच्या मंदातून रेघ ओढली. गरज सरो अन् वैद मरो, दुसरं काय!

विहीर वरल्या अंगाला झाली. मंग बिजलीचे खांब तिकडंच, मोटरस्टँड तिकडंच, दवाखाना तिकडंच. सिमेटचा रस्ता नाल्यावर येऊन थांबला. आता कोनी हाकलत नाही. हाटेलात मले चहा पाजतात, "या देवकाबाई" म्हनतात. हाकलाची गरजच काय? नकाशा हाकलते! सासूचा जीव घाबरा झाला तवा नाल्याले पूर. दवाखाना दोनशे पावलांवर दिसून राह्यला व्हता, अन् तिले नेता आलं नाही. सकाळी पूर उतरला तवर ती गेली. ढेकूळ तिनं फडक्यात बांधून देवळीत ठेवलं व्हतं. मी ते तिथंच राहू देलं.

अन् या उन्हाळ्यात नळाचं काम आलं. घरोघर नळ म्हने. पाईप नाल्यापावतर आला अन् थांबला. इंजिनिअर तरना, तेलुगू बोलनारा, सभ्य पोरगा. त्यानं फोनवर नकाशा दावला, हिंदीत म्हने, "अम्मा, गावठान यहीं तक है. पुराना रेकॉर्ड है."

तीच रेघ! कागदावरून फोनात गेली, पन बोटभर सरकली नाही. ज्या बाईच्या पायानं पाटलाले चाळीस एकर भेटले, तिचं घर त्या रेकॉर्डात नाही. आग लागो त्या रेकॉर्डाले!

मी घरी आली. देवळीतलं फडकं सोडलं. ढेकूळ अर्धं भुगा झालं व्हतं. राह्यलेलं डोक्यावर ठेवलं, एका हातानं धरलं, अन् वेशीपासून चालाले लागली. ब्याऐंशी वर्साची मी. वाड्याच्या सुना घडे ठेवून माह्या मांगं आल्या. मारुती गेला, भट्टीची जागा गेली.

इंजिनिअर धावत आला. "अम्मा, कहाँ जा रहे? गिर जाओगे!"

"गावठान मोजून राह्यली," मी म्हटलं. "फोन काढ. मी जाते तिथून रेघ ओढ. या खेपेले पुरी ओढ."

अन् मी नाल्यात उतरली.