गरम पाण्याची ऑर्डर

माझं अक्षर किरटं आहे आणि काना-मात्रा चुकतात. शाळा चौथीपर्यंतच झाली. चुकेल त्याची आधीच माफी मागते. आमचे हे पलटणीत हवालदार होते. स्वतः काही लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते.

यांची पोस्ट बर्फात होती. एका पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, यांचे पाय गोठले. यांच्याच पलटणीतल्या निवृत्तीभावजींनी यांना पाठीवर पोस्टपर्यंत आणलं आणि रात्रभर कोमट पाण्यात पाय धरून बसले. बोटं वाचली. महिन्यानं निवृत्तीभावजी हिमकड्याखाली सापडून गेले. तेव्हापासून यांचा डॉक्टरपेक्षा पाण्यावर भरवसा.

रिटायर झाल्यावर आम्ही मुकुंदवाडीत दोन खोल्यांत राहायला आलो. गेल्या हिवाळ्यात यांचा डावा पाय गार पडू लागला. स्टेशनाकडं जाताना शंभर पावलांवर पोटरी धरायची. मग हे थांबून बुटाची लेस बांधायचे. एकदा चप्पल घातली होती, तरी वाकले. मी विचारलं.

"जुना बर्फ हाय. सिक रिपोर्ट करून डॉक्टरकडं जायचं नाय. पाणी तापव."

सकाळी पाच आणि संध्याकाळी सहा. हे टबात पाय सोडायचे. "आणखी गरम." मी आणखी ओतायची. मला त्या पाण्यात बोट धरवत नव्हतं, यांना काही लागत नव्हतं. आठव्या दिवशी पावलावर फोड आले. मग करंगळी काळी पडली. वास येऊ लागला. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून यांनी खिडकी लावून घेतली आणि मला दाराबाहेर थांबू देईनात. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "ऑर्डर ऐकू आली नाय का?" हे खाटेवर, मी गॅसपाशी. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी सकाळी मी मोरीत जाऊन कन्नड गावाला फोन लावला, निवृत्तीभावजींच्या बायकोला, सुमनअक्काला. मला फोनवर बोलायची लाज वाटते. कसंबसं सांगितलं.

"पाय काळा पडलाय आन तू पाणी तापवतीस? घरात पलटणीच्या जेवणाचा लंगर उघडलाय का गं?"

अक्का जीप पकडून दुपारी दोनला आली. आधी खिडकी उघडली.

"भावजी, उठा."

"वहिनी, लई काय झालं नाय..."

"ही बी ऑर्डरच हाय. उठा."

दवाखान्यात डॉक्टरांनी पावलावर पेनासारखं मशीन टेकवलं. आतून नुसती खरखर. हे म्हणाले, "वायरलेस सेट चालू हाय, समोरून जवाब नाय."

डॉक्टर म्हणाले, "मांडीत नस बंद आहे. पायाला रक्तच पोचत नाही, म्हणून तो गार पडतो आणि भाजलेलं कळत नाही. हे फोड गरम पाण्याचे आहेत. आज नस उघडली नाही तर पाय काढावा लागेल."

पाणी ओतणारी मी होते.

माजी सैनिकांच्या योजनेचे पैसे मागाहून मिळणार होते, पण दवाखान्यात आधी भरायचे होते. अक्कानं घरावर नवे पत्रे टाकायला साठवलेले पैसे पिशवीतून काढले.

साडेचारला यांना आत नेलं. जांघेतून तार घालून फुग्यानं नस उघडली आणि आत जाळी बसवली. तिला स्टेंट म्हणतात. साडेसहाला बाहेर आणलं. पाय सरळ ठेवायचा, हलवायचा नाही. डॉक्टरांनी पुन्हा ते मशीन टेकवलं. आतून सू-सू, सू-सू असा ठोक्याचा आवाज आला. हे डोळे मिटून ऐकत होते.

"मिळाला जवाब," एवढंच म्हणाले.

पुढं करंगळी काढावी लागली. पाय राहिला.

योजनेचे पैसे आले त्याच आठवड्यात आम्ही एसटीनं कन्नडला गेलो. अक्काच्या भिंतीवर निवृत्तीभावजींचा युनिफॉर्ममधला फोटो आहे. यांनी त्याला सॅल्यूट केला आणि पैशांचं पुडकं फोटोखाली ठेवलं.

"मोजून घ्या, वहिनी."

"मोजायचं काय त्यात? समदं फिटलं म्हना."

हे फोटोकडं बघत होते.

"पैसे तेवढे फिटले," म्हणाले.