मागच्या दाराबाहेरचा डेक

आमचे हे सुतार. हातात कला भरपूर, पण सरळपणा असा की सोबत राहणाऱ्याने भिंतीवर डोकं आपटून घ्यावं. परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही, हा यांचा बाणा.

सासूबाईंचे गुडघे गेले. पुढचा जिना उतरणं बंद झालं आणि ऊन पाहायचं ते काचेतून. मागे एक दार आहे. जुन्या मालकाने खिडकी मोठी करून केलेलं, पण बाहेर पायरीच नाही, थेट कमरेएवढी उडी. तिथे दाराच्या पातळीला लाकडी डेक बांधला की सासूबाई घरातून चालत उन्हात. लाकूडही आलं. दुसऱ्या कोणी आठवड्यात बांधून वर चहा प्यायला असता. हे अर्ज घेऊन बांधकाम परवानगीच्या ऑफिसात गेले.

तिथल्या बाई म्हणाल्या, नकाशात तिथे खिडकी आहे, आधी दार मंजूर करून आणा. शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, बाहेर पाय ठेवायला जागा नसेल तर दार मंजूर होत नाही, आधी डेक आणा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खेटे घालून यांच्या चपला झिजल्या आणि बोलून बोलून माझी जीभ. म्हटलं, अहो, आईसाठी तरी एकदा नियम मोडा. तर हे मला कठड्याची उंची समजावत बसले. मी हात टेकले.

शेवटी डेक मंजूर झाला, पण दाराचा निकाल लागेपर्यंत दार खिळे ठोकून बंद ठेवायचं आणि डेकवर अंगणातल्या पायऱ्यांनी चढायचं, या अटीवर. जिना उतरवत नाही म्हणून बांधलेल्या डेकवर जायला आधी जिना उतरा! यांनी तीही अट मान्य केली. डेक सुरेख बांधला आणि दारावर आतून आडवी फळी ठोकली. तपासनीस आले, लांबूनच फळी पाहिली, सही करून गेले. हे कामावर गेले. मी भांड्यांवर राग काढत होते.

सासूबाई काठी टेकत दारापाशी गेल्या. फळीवरून हात फिरवत राहिल्या आणि मला हाक मारली.

"खिळ्यांची डोकी वर आहेत गं. माझ्या पोराने जन्मात कधी खिळ्याचं डोकं वर सोडलं नाही."

खरंच, प्रत्येक खिळा अर्धं बोट बाहेर, उपटायला सोपा. आणि एरवी कुणाला हात लावू न देणारा यांचा हातोडा खाली भिंतीला टेकवलेला.

संध्याकाळी हे आले. आई डेकवर बसलेली पाहिली. ऊन गेल्यावर हात धरून तिला आत आणलं आणि फळी पुन्हा जागेवर ठोकायला घेतली.

"अट आहे ना," म्हणाले.

डोकी या वेळीही वरच ठेवली.