काचेचा काळा भाग

कॅमेऱ्याची जुनी बॅग झटकताना ती चौकोनी काच हाती आली. वरून काळपट, खालून स्वच्छ. लेन्सपुढे धरली की उजळ आभाळ आवरतं, ढग नीट येतात.

अल्लीपूरला, आमच्या वांग्यांच्या वावरात, एका संध्याकाळी ती लावून फोटो काढत होतो. आई टोपलं घेऊन समोर उभी राहिली.

"माहं तोंड येऊन राह्यलं ना रे त्यात?"

"येऊन राह्यलं. हालू नको."

तिचा चेहरा काचेच्या काळ्या भागात बुडाला, हे मला दिसत होतं. काच वर सरकवली असती तर ढग पांढरेफटक पडले असते. मी नाही सरकवली.

बक्षीस मिळालं त्या फोटोला. तेरवीला लावायला आईचा फोटो शोधला, तर माझ्याकडे तेवढाच निघाला. ढगांची कडन् कड दिसते. आईला चेहराच नाही.