घोडीच्या जागी गाडी

आमची घोडी मेली त्याला वरीस झालं, तरी आबा तिचं खोगीर सकाळी उन्हात टाकायचा अन् दिवस मावळायला आत घ्यायचा. आबा म्हणजे मपला बाप. जल्म सगळा मेंढरामागं गेला त्याचा. मका निघाला, कापूस उलगला की सिल्लोडकडचे शेतकरी रानात मेंढरं बसवायला बोलवत्यात, रानाला खत होतं म्हणून. मग आमचं बिऱ्हाड निघायचं. सगळा संसार त्या घोडीच्या पाठीवर. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं, आणि लहानपणी मी. मला कोकरांसंगं एकाच झोळीत घालायचे. आई म्हणायची, त्यातल्या त्यात कोकरं कमी वरडायची.

आता कळपामागं धाकला भाऊ अन् भावजय फिरत्यात. आबाचे गुडघे गेले. भुईवर झोपला की सकाळी दोघांनी उचलावं लागतं. डॉक्टरनं सांगितलं, ओलीत झोपायचं नाय, खाट पायजे, डोक्यावर छप्पर पायजे. म्हणून त्याला शहरात आणला, गारखेड्याला, माझ्या भाड्याच्या खोलीत. तिथं खिडकी हाय. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसती. आबानं चार-पाच दिवस ती भिंत बघितली अन् म्हनला,

"मी संगं जाणार नसलो तर मेंढरं इकून टाका. धाकल्याला एकट्याला जमायचं नाय."

मी भावाला फोन लावला. वाटलं, तो म्हणंल जमतंय मला. तो म्हनला, "दादा, आबा खरं बोलतोय. मेंढरू लंगडलं तर कशानं लंगडलं हेबी मला कळत नाय. आबा लांबून बघून सांगतो."

झालं. म्हणजे आबाला रानात झोपायला कोरडी जागा मिळाली तर कळप राहणार, नाय तर गिऱ्हाईक बघायचं.

तोड काढली माझ्या बायकोनं. तिचा भाऊ वाळूजला फॅब्रिकेशनच्या शॉपात वेल्डिंग करतो. तिनं त्याला सांगितलं, "दोन चाकांवर खोली करून दे." त्यानं सुट्टीच्या दिवशी बसून पाइपा जोडल्या, पत्रा मारला, आत लोखंडी खाट, खिडकी, शेगडीला ओटा. आरटीओचे कागदबी त्यानंच करून घेतले. आम्ही त्याला डबा म्हणतो. मी आत जाऊन उभा राह्यलो तर डोकं टेकलं. मेव्हणा म्हनला, "दाजी, आबांच्या मापानं केलाय. तुमच्या डोक्यात काय हाय म्हणून ते जपायचं?"

राहिली गाडी. डबा ओढणारी, आमच्या ऐपतीत बसणारी, अन् डिझेल पिऊन आमाला उपाशी न मारणारी. मी एका हार्डवेअरच्या दुकानाचा छोटा टेम्पो चालवतो. त्याच्यामुळं गाडीतलं मला कळतं असा समज होता. माझा एकट्याचाच होता.

जळगाव रोडला जुन्या गाड्यांचं एक आवार हाय. तिथं गेलो आम्ही दोघं. शेठ चांगला माणूस, बोलायला दिलखुलास. गेल्या गेल्या मला लाल गाडी दिसली. उंच, रुंद, पुढं ही मोठाली लोखंडी जाळी. जत्रेतली घोडी कशी मान वर करून उभी राहती, तशी. मी शेठला म्हन्लं, "तोंड उघडा हिचं." त्यानं बॉनेट वर केलं. मी आत वाकून बघितलं. टेम्पोचं इंजन मी रोज बघतो, ते कुठं असतं तेवढं मला माहीत हाय. हेबी तिथंच होतं. मी मान हलवली. मागं जाऊन पाठीवर थाप मारली. हॉर्न वाजवला. हॉर्न असा की आबाची मेंढरं पार कन्नडपर्यंत पळाली असती.

"हीच," मी म्हन्लं.

आता आमच्यात जनावराचा भाव तोंडानं करत नाय. चारचौघांना कळू नये म्हणून हातावर रुमाल टाकायचा अन् खालून बोटं दाबायची, जितकी बोटं तितका भाव. लहानपणापासून तेच बघत आलो. मी गळ्यातला पंचा काढला, शेठच्या हातावर टाकला अन् खालून त्याची दोन बोटं धरली.

शेठ दचकला. "मामू, ये क्या कर रहे? तबियत ठीक है ना?"

"भाव करतोय."

"तो मुंह से करो ना! उंगली छोडो पैले."

आवारात गाड्या पुसणारी मंडळी फडकी सोडून बघू लागली. बायकोनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं लाजली. खांदे हालत होते तिचे.

मग ती पुढं झाली. लाल गाडीकडं तिनं बघितलंबी नाय. म्हनली, "शेठ, ही खाती किती?"

"ताई, झूट नईं बोलूंगा. बडी गाडी है, पियेगी तो सही."

"मग ऱ्हाऊ द्या. आमाला रोज लागनार नाय, पन लागंल तवा लांब जायचं हाय."

मी लगेच पलटलो. शेजारी एक बारकी पांढरी पेट्रोल गाडी होती. "ही घेऊ, चिमणीएवढी खाती."

"आवं, कोकराच्या पाठीवर खोगीर टाकता का?" बायको म्हनली. "डबा हिच्याहून जड हाय. उताराला हिनं डबा न्यायच्या ऐवजी डबाच हिला घेऊन जाईल."

शेठ हसायचा थांबला. तिच्याकडं नीट बघू लागला.

ती हिंडत हिंडत पार मागं गेली, लिंबाच्या झाडाखाली. तिथं एक लांब डिक्कीची डिझेल कार उभी होती. रंग चुलीतल्या राखेसारखा, वर लिंबाचा पाला पडलेला. कुणी ढुंकून बघत नसंल तिच्याकडं. बायकोनं पुढून बघितलंच नाय. मागून बघितलं. खाली वाकून चाकं बघितली, डिक्कीवर दोन्ही हातांनी भार दिला, सोडला. गाडी एकदा खाली गेली, वर आली अन् गप उभी राहिली. परत झुलली नाय.

"ही चालवून बघू," ती म्हनली.

मी बघतो तर डाव्या अंगाला, चाकाच्या वर, वाटीएवढा गोल खड्डा. आमच्यात घोडी घेताना केसांचा भोवरा बघत्यात. तो वाईट जागी असला की ती घोडी दाराशी बांधत नाय, फुकट दिली तरी. "आगं, ही नको," मी हळूच म्हन्लं. "डाव्या अंगाला भोवरा हाय."

"तो भोवरा नाय, पोचा हाय. कुनीतरी तुमच्यासारखं चालवलंय तिला."

शेठनं चावी काढली. बायको म्हनली, "अशी रिकामी नाय. डबा भरून, जोडून, घाट चढवायची. मग बोलू."

"ताई, टेस्ट ड्राईव्ह में डिब्बा? आज तक किसीने नईं पूछा."

पण तिला त्यात काय नवल वाटंना. तिच्या माहेरी घोडी अशीच घ्यायचे. पुरं ओझं लादायचं, चढाला न्यायची, अन् चढाच्या मध्यावर उभी करायची. चालत्या पायानं कोणतीबी घोडी चढती. भरल्या ओझ्यानं थांबलेली परत निघती का, ते बघायचं. हे मीबी लहानपणी बघितलेलं. पण मला त्यातला रुमालच तेवढा ध्यानात राह्यला.

ती गाडी लई दिवस खपत नव्हती, म्हणून शेठबी कबूल झाला. पुढच्या सुट्टीला मेव्हण्यानं डबा आणला अन् गाडीला मागं हूक बसवून दिला. डबा मी भरला. खाट, शेगडी, पेंडीची पोती, अन् पाण्याची टाकी काठोकाठ. टाकी ठेवली पार मागं, दाराजवळ. उतरल्या उतरल्या पाणी हाताशी. माझी अक्कल.

मी स्टेअरिंगवर, शेठ माझ्या शेजारी. बायको मागच्या सीटवर, उलटं तोंड करून, गुडघे टेकून. "आगं, पुढं बघ," म्हन्लं तर म्हनली, "पुढचं तुमी बघा. तेवढं तरी बघा."

सावंगी ओलांडली, रस्ता मोकळा लागला अन् मी जरा पाय दाबला. डबा डुलू लागला. आधी थोडा, मग कुत्र्याच्या शेपटीसारखा. डबा डावीकडं की गाडी उजवीकडं. मला वाटलं आणखी पळवली की सरळ होईल. पळवली. शेठनं वरचं हँडल धरलं अन् म्हणू लागला, "या अल्ला, या अल्ला, मामू, धीरे!"

"पाय काढा!" बायको मागून वरडली. "बिरेक मारू नका, नुसता पाय काढा!"

पाय काढला. गाडी हळू हळू सावरली, कडंला घेतली. शेठ उतरून एका दगडावर बसला. बायको डब्यात गेली, बाहेर आली.

"टाकी मागं कुनी ठिवली?"

मी शेठकडं बघितलं. शेठ म्हनला, "मेरे तरफ क्या देखते?"

"घोडीच्या शेपटीवर कधी हांडा बांधलेला बघितला व्हता का? वझं पुढं घ्यावं, खांद्यापाशी."

टाकी निम्मी ओतली तवा हलली. ती अन् पोती आम्ही चाकाच्या पुढं सरकवली. परत निघालो. डबा असा मागं आला जसा गुरुजीमागं शहाणा पोरगा येतो. मी तसा कधी गेलो नाय, पण आलेला बघितलाय.

चौक्याचा घाट लागला. गाडी चढू लागली. मी म्हन्लं बरं चाललंय, तेवढ्यात मागून आवाज आला, "हितं थांबवा."

"चढाला?"

"चढालाच."

मी कडंला घेऊन थांबवली. मागून ट्रकवाले शिव्या देत जाऊ लागले. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी बंद. परत केलं. परत बंद. माझ्या पाठीला घामाची धार. मी म्हन्लं, "मेली ही. भोवरा म्हन्लो होतो मी."

"गाडी नाय मेली, तुमी मेलात," बायको म्हनली. "घाई कशाची हाय? तिला दम घेऊ द्या. हळू सोडा."

हळू सोडला. गाडीनं खालच्या आवाजात एक हुंकार दिला, माती झाडल्यासारखं अंग हालवलं, अन् निघाली. वरडली नाय, धापली नाय. आख्खा डबा घेऊन, आम्हा तिघांना घेऊन, सावकाश वर. खरं सांगतो, मला त्या राखेच्या रंगाच्या गाडीचा अन् मागं उलटं बसलेल्या बाईचा एकदमच अभिमान वाटला, अन् स्टेअरिंग माझ्या हातात असून मी त्यात कुठंच नव्हतो.

वर पोचल्यावर ती उतरली. बॉनेटजवळ हात नेला, चाकापाशी वाकून वास घेतला. "जळका वास नाय. घाम नाय आला हिला." मग माझ्या सदऱ्याचा वास आला बहुतेक, जरा लांब सरकली.

शेठ म्हनला, "ताई, मेरे यहां नौकरी करोगी क्या?"

"मला कुठं येळ हाय. यांना ठिवून घ्या."

"नक्को, नक्को," शेठ म्हनला. इतक्या लवकर त्यानं दुसरं काहीच नाकारलं नव्हतं.

आवारात परत आलो तर शेठनं स्वतः माझ्या गळ्यातला पंचा काढला अन् आपल्या हातावर टाकला. "आओ मामू. तुम्हारे तरीके से." माझी छाती फुगली. खाली हात घातला, बोटं धरली, दाबली. शेठनं थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं. मग हळूच म्हनला, "मामू, एक उंगली ज्यादा पकडे. वापस लो."

असा माणूस. मी माझंच नुकसान करत होतो अन् त्यानं ते घेतलं नाय. बायकोला अजून ते बोट आठवतं. शेठचं नाय, माझं.

मग उरला आबा. आबाला आम्ही काय सांगितलं नव्हतं. गाडी डब्यासकट गल्लीत उभी केली अन् त्याला खाली आणला. तो गाडीच्या पुढं गेलाच नाय. काठी टेकत मागून आला. वाकून हूक बघितला, डिक्कीवर हात ठेवला. सुनेला म्हनला, "चढाला थांबवून बघितली का?"

"व्हय मामा. निघाली."

"खाती?"

"कमी."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. मी बोलायच्या आत म्हनला, "तुला नाय इचारलं." अन् खोलीत जाऊन घोडीचं खोगीर घेऊन आला, डब्यात ठेवलं.

फुलंब्रीच्या पुढं, आत एका रानात भावाचा मुक्काम होता. दुपार कलली होती. रान बांधाकडं उतरतं होतं, खाली कळप. मी ऐटीत गाडी उभी केली, उतरलो अन् भावजयीला हॉर्न कसा वाजतो ते सांगू लागलो. आबा तोवर एकटाच चाकांभोवती फिरत होता. दगड उचलत होता, टाकत होता. मला वाटलं, जागा साफ करतोय. मग खोगिरातून त्यानं घोडीचा पायबंद काढला, म्हणजे रात्रीची पळू नये म्हणून तिच्या पायांत बांधायचा दोर. तो गाडीच्या मागच्या चाकाला घातला अन् बाभळीच्या बुडख्याला आवळला. भाऊ अन् मी तोंड फिरवून हसलो. म्हातारं माणूस, घोडीची सवय.

मग बायकोनं त्याला हाताला धरून डब्यात चढवला. तो खाटेवर आडवा झाला. आम्ही सगळे बाहेर उभे. आत काहीच आवाज नाय. आता हा उठून म्हनला की नको, परत चला, तर संपलं सगळं. भाऊबी काठी दोन्ही हातांत धरून तसाच उभा.

अन् त्या शांततेत गाडी हलली.

कर्र झालं. डबा, गाडी, आबा, सगळं वीतभर खाली सरकलं. खाली मेंढरांनी माना वर केल्या. मी "आबा!" म्हणून पळालो अन् चिखलात पाय घसरून बसलो. आबानं लावलेल्या दगडावर चाक खट्‌दिशी टेकलं, दोर ताणला, गाडी थांबली. हँडब्रेक मी ओढलाच नव्हता.

खिडकीतून आबाचा आवाज आला. एकदम निवांत.

"घोडीलाबी ह्यानं कधी पायबंद घातला नव्हता. म्हनून घातला."

मग बायकोला हाक मारली. "सूनबाई, गिऱ्हाईक बघू नका, मेंढरं इकायची नायत. अन् धाकल्याला म्हनावं, ते कडंचं काळं मेंढरू लंगडतंय. पुढच्या खुरात काटा आसंल, संध्याकाळच्या आत काढ. मी जरा पडतो."

भाऊ पळत कळपात गेला. भावजय पदरानं डोळे पुसत चुलीकडं गेली. बायकोनं गाडीत वाकून हँडब्रेक ओढला अन् मला हात देऊन उठवलं.

आता मुक्काम हलवायचा असला की भावाचा फोन येतो. माझा फोन वाजतो, पण विचारतो वहिनी कुठं हाय. सुट्टीच्या दिवशी आम्ही जातो. मी पुढं बघून चालवतो, ती मागं बघत बसती, अन् आबा गाडी थांबली की काठी टेकत उतरतो अन् दगड शोधू लागतो. हँडब्रेक मी आता न विसरता ओढतो. त्याला तसं सांगितलंबी. तो म्हनला, "बरं केलंस," अन् दगड लावला.