भाड्याचा विग आणि हळदीचं पाणी

"सर, विग भिजवता येणार नाही."

मी हे तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा डायरेक्टरनी हातातलं स्क्रिप्ट खुर्चीवर आपटलं. कोल्हापूरजवळच्या एका बंगल्यात आमच्या सीरियलचं शूटिंग चालायचं. त्या दिवशी हिरॉइनच्या हळदीचा सीन होता. हळद लावून झाली की बायका एकमेकींवर पाणी ओततात, असं लिहिलेलं. मी तिथली हेअर ड्रेसर. म्हणजे चेहरा मेकअपदादांचा, केस माझे.

अडचण गिरिजाच्या विगची होती. गिरिजा हिरॉइनच्या मैत्रिणीचं, एका नर्सचं काम करायची. ती सिद्दी, कर्नाटकातल्या हल्याळच्या जंगलाकडची. त्यांच्या पूर्वजांना कितीतरी पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आणलेलं. रंग काळा, केस बारीक कुरळे, आणि मराठी मात्र तुमच्या-माझ्यासारखी. याआधी तिला परदेशी स्टुडंट नाहीतर राक्षसीण, एवढीच कामं मिळाली होती. नर्स हे पहिलं माणसासारखं काम. पण चॅनेलची अट होती, केस सरळ हवेत. म्हणून मुंबईहून लांब केसांचा विग भाड्यानं आणला. तिचे केस खाली चापून बांधायचे, वर विग, कडेनं गोंद. पाणी लागलं की गोंद सुटणार आणि विग घसरणार.

"मग तिला सीनमधून काढा," डायरेक्टर म्हणाले. "लग्नातही नको. तसंही तिचा ट्रॅक बंद करा म्हणून चॅनेल मागं लागलंय."

ट्रॅक म्हणजे एका पात्राची गोष्ट. ती लग्नाआधी संपली की गिरिजा घरी.

मी व्हॅनिटीत, म्हणजे आमच्या मेकअपच्या गाडीत गेले. गिरिजा आरशासमोर बसली होती. डोळे सुजलेले.

"काय गं?"

"सागरचा फोन होता, मावशी. नको म्हणाला."

सागर जयसिंगपूरचा, बँकेत नोकरीला. दोघांचं लग्न ठरल्यातच जमा होतं. त्याच्या आईनं हिला फक्त टीव्हीवर पाहिलेलं. गेल्या रविवारी तो तिला घरी घेऊन गेला, अर्थातच विगशिवाय.

"आई म्हणाली, 'टीव्हीत केस बरं दिसत्यात की हिचं. आता पोरंबी असलीच व्हायची.'"

"आणि तो?"

"तो चहा पीत होता."

माझं डोकंच फिरलं. कोल्हापुरी भाषेत जे काही देता येतं, ते सगळं मी त्या सागरला मनातल्या मनात दिलं. मग हळदीच्या सीनचंही सांगून टाकलं. आधीच रडणाऱ्या पोरीला हे सांगताना जिवावर आलं होतं.

तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मी माझ्याच केसांत करते."

"अगं, मला तुझे केस चापून बांधायला येतात. सजवायला कुठं येतात?"

"मी सांगते. कोरडे विंचरायचे नाहीत. ओले करा, खोबरेल लावा आणि बोटांनी सोडवा. आई तसंच करायची. ओढ्याकाठी उन्हात बसवायची, डोकं गुडघ्यात धरायची आणि गावभरच्या गोष्टी सांगायची."

मी तिचं डोकं धरलं. ती आईबद्दल बोलत राहिली, मधेच रडत राहिली. मी थांबवलं नाही. बाहेर कुणी विचारलं असतं तर केस ओढले गेले म्हणून सांगणार होते. शेवटी उंच खोपा घातला, वर अबोलीचा गजरा. आरशात बघून ती म्हणाली, "आईच दिसते मी."

मी तिला तशीच सेटवर घेऊन गेले.

"आणि कंटिन्युइटी?" डायरेक्टर ओरडले. कालच्या सीनमध्ये माणूस जसं दिसलं तसंच आज दिसायला हवं, ही ती कंटिन्युइटी.

हिरॉइनच्या आत्याचं काम करणाऱ्या अक्का तिथंच बसल्या होत्या. जुन्या नाटकातल्या, आवाज खणखणीत.

"अवो, मग सीनच्या सुरवातीलाच हिच्यावर पाणी वता की! भिजल्यावर केस बदलत्यात का न्हाय? फुडं लगीनभर तशीच ऱ्हाईल. कोण इचारतंय?"

डायरेक्टरना हसू आवरलं नाही. "चला, रोल करा."

अक्कांनी भरलेली कळशी गिरिजाच्या डोक्यावर उपडी केली. पोरगी किंचाळली आणि अशी खदखदून हसली की हिरॉइन आपला डायलॉग विसरली. मग गिरिजानं कळशी हिसकावून घेतली आणि अक्कांच्या मागं धावत सुटली. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. डायरेक्टर 'कट' म्हणायचं विसरले.

तो एपिसोड लागला आणि चॅनेलचा फोन आला. "ती मैत्रीण अशीच ठेवा." ट्रॅक सीरियल संपेपर्यंत चालला.

सागरचाही मेसेज आला. गिरिजानं मला मोबाइल दाखवला. 'आई म्हणते, टीव्हीत छान दिसलीस.'

तिनं माझ्यासमोरच उत्तर टाइप केलं. 'तुमच्या घरी आले तेव्हाही अशीच होते.'

विग मी खोक्यात भरून मुंबईला परत पाठवला.

आता मी निवृत्त आहे. खोबरेलाचा वास आला की अजून ती व्हॅनिटी आठवते. त्या दिवसानंतर नवी मुलगी खुर्चीत बसली की कंगवा हातात घेण्याआधी मी एकच विचारायचे, "घरी तुझे केस कोण विंचरायचं?" निम्मं काम त्या उत्तरातच होऊन जायचं.