गोटीराम शाहिराची आमदारकी

गोटीराम पगारे आमदार झाला तेव्हा नाशिकरोडपासून त्याच्या खेड्यापर्यंतचा रस्ता गुलालानं ओळखू येईना! साल बहात्तर. जागा राखीव. समोरचा उमेदवार मोटारीतून फिरणारा, आणि गोटीराम दिवसा सायकलींची पंक्चरं काढणारा, संध्याकाळी जलसा करणारा शाहीर. हाताशी एक डफ, एक ढोलकी आणि मागं झील धरायला चार माणसं, त्यांत बायको चिमणाबाई. गावोगाव गात फिरला आणि लोकांनी धडाधड शिक्के मारले.

विधानसभेत तो पहिल्यांदा बोलायला उठला तेव्हा समोरचा माईक बंद होता. गोटीरामला त्याचा पत्ताच नाही! आवाज असा लागला की अख्खं सभागृह मागं वळून बघायला लागलं. ती खुर्ची त्याला भारी आवडली, खोटं कशाला बोला.

पण पडलेल्या उमेदवारानं कोर्ट गाठलं. त्या वेळी राखीव जागेवर बौद्ध माणूस कायद्याला चालत नसे. धर्म बदलला की त्या जागेवरचा हक्क गेला. गोटीरामनं तर छप्पन सालीच दीक्षा घेतलेली. अर्जात मात्र त्यानं जुनी जात तेवढी लिहिली होती, तशी तेव्हा बरेच जण लिहीत.

त्याच्या वकिलांनी वाट काढली. "शाहीर, दीक्षा-बिक्षा घेतली नाही, एवढंच म्हणायचं. गाणी पोटासाठी म्हटली. पुढचं माझ्यावर सोडा."

गोटीराम "बरं" म्हणाला. एका 'नाही'वर आमदारकी राहत असेल तर कोण सोडेल? चौघा झीलकऱ्यांसह मुंबईला जाताना आगगाडीत तो ते 'नाही' पाठ करत होता. चिमणाबाई खिडकीबाहेर बघत बसली. तिला ते पटलं नव्हतं, पण नवऱ्याचं पडलेलं तोंडही तिला बघवलं नसतं.

कोर्टात समोरचा वकील तयारीचा निघाला. त्यानं गोटीरामचंच गाणं वाचायला घेतलं, "जुन्या गावकीची तोडली गाठ, बुद्धाच्या वाटेनं चालतो ताठ." वाचलं कसं, तर मास्तर हजेरी घेतात तसं! ना ताल ना सूर, वर 'ताठ'च्या आधी खोकला. "हे असलं काहीतरी तुम्हीच रचलंय का?"

'असलं' म्हणाला हो तो! शाहिराला एक वेळ शिव्या द्या, त्याच्या गाण्याला नावं ठेवू नका. गोटीरामची कानशिलं तापली. "वकीलसाहेब, तसं नाय ते. आता ऐका," म्हणाला, साक्षीच्या पिंजऱ्यावर थाप मारली आणि गाणं वरच्या पट्टीत उचललं!

जलशाचा नेम असा, की शाहिरानं ओळ टाकली की झील धरायचीच. जागा कोणती, समोर कोण, हे झीलकरी बघत नाहीत. मागच्या बाकावरून चिमणाबाईनं "जी जी रं जी" लावलं आणि बाकीचे तिघं तिच्या मागोमाग. पट्टेवाला धावला, न्यायाधीशांनी दम भरला, तेव्हा कुठं सगळे गप्प झाले.

वकील हसत म्हणाला, "गाणं छान आहे. पण खरं आहे का?"

पाठ केलेलं 'नाही' गोटीरामच्या अगदी जिभेवर होतं. पण आत्ताच छाती फुगवून गायलेलं गाणं खोटं आहे, असं बायकोसमोर म्हणायचं कुठल्या तोंडानं?

"खरं हाय," तो म्हणाला. "मी बौद्ध हाय."

गेली आमदारकी! कुणी त्याला वेड्यात काढलं, कुणी कडकडून मिठी मारली. तो पुन्हा पंक्चरं काढायला बसला. खुर्ची आठवली की त्याला फार वाईट वाटे आणि ते तो लपवतही नसे.

एकोणऐंशीत जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि हा पठ्ठ्या उभा राहिला तो थेट खुल्या जागेवर! लोक म्हणाले, शाहिराचं डोकं फिरलं. अर्जांच्या छाननीत साहेबांनी "मंजूर" म्हटलं तरी हा जागचा हलेना.

"साहेब, धर्म इचारायचा ऱ्हायला."

"खुल्या जागेला लागत नाही."

"तरी ऐकून ठिवा. बौद्ध!"

आणि निवडून आला हो! पुढच्या निवडणुका सरकार लांबवतच गेलं. ज्याला दोन वर्षांच्या आत खाली उतरवलं, तो ऐंशीच्या दशकात सालंच्या सालं खुर्चीवर बसून होता. गोटीराम खूश!

पण विधानसभा ती विधानसभा. पंच्याऐंशीत एका मोठ्या पक्षाची माणसं मोटार घेऊन दारात आली. तीच राखीव जागा. अट एवढीच, की अर्जात धर्म हिंदू लिहायचा. चिमणाबाईनं चहा ठेवला.

गोटीरामचे डोळे चमकले. "आमदार व्हायचं मला अजून लय मन हाय," तो म्हणाला. "पन मी बौद्ध हाय. चालत आसंल तर आत्ता चला."

त्यानं चपला घातल्या, अंगणात जाऊन मोटारीचं दार उघडलं आणि खरंच आत बसला. पक्षाची माणसं एकमेकांकडं बघत दारात उभी राहिली. ड्रायव्हरनं काही गाडी सुरू केली नाही. गोटीराम मात्र घरातला चहा गार होईपर्यंत बसून राहिला.