कांद्यात बुडालेलं गलबत

माझ्या सासुरवाडीत बावीस वर्षांत मला कोणी एकदाही चूक म्हटलं नव्हतं. गलबत बुडालं ते त्यामुळे.

सासुरवाडी देवळ्याची. तिथं पाणी बघायचं तर विहिरीत वाकून बघावं लागतं. समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात निळ्या रंगाचा जो भाग असतो तो. अशा गावात एक गलबत होतं, ते भर दिवसा सात-आठ बायांच्या देखत बुडालं, आणि बुडवणारा मी होतो.

आधी त्या घरातला जावयाचा मान सांगायला हवा, नाहीतर सगळा दोष माझ्यावर येईल. मी उंबऱ्यात पाय ठेवला की सतरंजी पसरली जाते, पंखा माझ्याकडे वळतो, आणि इतका वेळ आपसात अहिराणीत खळाळून बोलणारं घर एकदम पाठ्यपुस्तकातल्या मराठीत बोलायला लागतं, जणू तपासणीला साहेब आलेत. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, मी ‘पुरे’ म्हणालो की दोन पोळ्या वाढतात आणि ‘नको’ म्हणालो की चार. आणि मी जे बोलेन ते बरोबर. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मेहुण्याबरोबर शेतात गेलो होतो. समोरच्या वाफ्याकडे बोट दाखवून मी म्हणालो, “कांदा छान आलाय.” दिलीप क्षणभर थांबला, वाफ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “हो दाजी. जरा बारीकच राहिला यंदा.” तो लसूण होता. हे मला एकवीस वर्षांनी कळलं.

(मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो. स्वतःच्या काढायला वेळच उरत नाही.)

आता गलबताविषयी. माझे सासरे अण्णा शाळेत सुतारकाम शिकवायचे. आयुष्यभर त्यांनी लोकांची दारं, खाटा, पाळणे आणि देवळाची पालखी केली. निवृत्त झाल्यावर म्हणाले, आता एक वस्तू स्वतःसाठी करणार, आणि ती बिनकामाची असणार. कधीकाळी शाळेच्या सहलीत त्यांनी लेण्यातल्या भिंतीवर रंगवलेली एक नाव पाहिली होती आणि वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली होती. त्यावरून सागवानात त्यांनी हातभर लांबीचं जुन्या काळचं गलबत घडवलं. तीन डोलकाठ्या, कापडाची शिडं, दोन्ही बाजूंना बारा-बारा वल्ही, प्रत्येक वल्हं बोटाएवढं. आणि पुढच्या टोकाला दोन बाजूंना दोन रंगवलेले डोळे, गलबताला वाट दिसावी म्हणून. तीन वर्षं लागली. त्यानंतर अण्णांचे हात थरथरायला लागले. आता चहाचा कप त्यांच्या हातात बशीवर टाळ वाजवत येतो. म्हणजे दुसरं गलबत होणार नव्हतं. जे होतं ते एवढंच.

गेल्या श्रावणात शाळेनं निरोप पाठवला की नव्या प्रदर्शनाच्या खोलीत अण्णांचं गलबत काचेच्या कपाटात ठेवायचंय, रविवारी कार्यक्रम आहे. अण्णांना आनंद झाला आणि लगेच काळजी लागली. पंधरा वर्षं कपाटावर बसून गलबत उदबत्तीच्या धुरानं काळवंडलं होतं. पॉलिश गेलेलं, शिडं पिवळी पडलेली, तळघरात एका पालीचं बिऱ्हाड. ज्या शाळेत त्यांनी पोरांना ‘काम चकचकीत पाहिजे’ म्हणून फूटपट्टीनं बडवलं, तिथं हे असं कसं न्यायचं? हातात ब्रश धरवत नव्हता. हे सगळं ते फोनवर वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला सांगत होते. मी शेजारी बसून मोबाइलवर एक गोरा माणूस जुनी खुर्ची नवी करतो तो व्हिडिओ बघत होतो. सात मिनिटांचा होता. मी फोन ओढून घेतला आणि म्हणालो, “अण्णा, काळजी सोडा. मी करतो.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं रेंज गेली.

बुधवारी आम्ही देवळ्यात हजर. मी नाशिकहून सहा प्रकारचे पॉलिश पेपर, व्हार्निशचा मोठा डबा आणि डॉक्टरांसारखे हातमोजे आणले होते. ओसरीवर सतरंजी पसरली गेली, गलबत मधोमध, मी मांडी घालून, आणि अण्णा खुर्चीवर हात शालीत घेऊन. मी सगळ्यात खरखरीत कागद घेतला आणि आडवं घासायला सुरुवात केली.

अण्णा थोड्या वेळानं म्हणाले, “लाकडाच्या रेघेनं उभं घासलं तर...” मी वर बघितलं. ते लगेच म्हणाले, “नाही, तुमचंही बरोबर आहे, जावईबापू.”

मी अधिक जोमानं आडवं घासलं. एका बाजूला टोकाजवळ एक काळा-पांढरा डाग होता, काही केल्या निघेना. पालीचा प्रताप समजून मी तो अर्धा तास खपून काढला. मग गलबत फिरवलं, तर दुसऱ्या बाजूनं एक डोळा माझ्याकडे बघत होता! मी इकडचा शोधला. इकडे आता फक्त गुळगुळीत लाकूड. माई चहा घेऊन आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या की एका डोळ्याचंही छानच दिसतंय. अण्णांनी शालीत हात अजून खोल घातले.

गुरुवारी मी चोवीस वल्ही काढली, वेगवेगळी घासायला. अण्णांनी प्रत्येक वल्हं आपापल्या भोकाच्या मापानं केलं होतं, म्हणून ती क्रमानं ठेवायची असतात हे मला ती एका पेल्यात एकत्र उभी केल्यावर कळलं. संध्याकाळी मोजली तर तेवीस. घर पालथं घातलं. शेवटी दिलीपनं दातांतून काहीतरी काढलं, त्याकडे बघितलं आणि हळूच मागे लपवलं. त्याला वाटलं होतं, दाजींनी नाशिकहून दात कोरायच्या काड्या आणल्यात. म्हणे जरा जाड होती, पण दाजींनी आणलीय म्हटल्यावर वापरली.

शुक्रवारी सकाळी वल्ही बसतील त्या भोकात खोचली, मग व्हार्निश. व्हिडिओतला माणूस पातळ थर देऊन वाळवत होता, मग दुसरा, मग तिसरा. मला त्याची कीव आली. एकच जाड थर दिला तर तेवढंच पडतं की! अण्णा पुटपुटले, “आम्ही लाख लावायचो. पातळ हात. चारदा.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, “पण ती शाळेतली पोरं होती.” मी अर्धा डबा गलबतावर ओतला. शिडांनाही सोडलं नाही. ते पाकातल्या पुरीसारखं दिसायला लागलं.

आणि वाळेना. श्रावणातली दमट हवा, बोट लावलं की बोट गलबतासकट वर. परवा कार्यक्रम. तेव्हा मला ती कल्पना सुचली. घरामागे दिलीपची कांदाचाळ आहे. उन्हाळी कांदा साठवायचा लांबलचक मांडव. भिंतींऐवजी फटी-फटीच्या पट्ट्या, चारही बाजूंनी वारा खेळतो, वर सावली. कांद्याला ही हवा मानवते तर व्हार्निशला का नाही? मी दिलीपला विचारलं. त्यानं तोंड उघडलं. मिटलं. मग म्हणाला, “न्या की, दाजी.”

कांद्याच्या ढिगावर, छातीएवढ्या उंचीवर, मी गलबत दिमाखात बसवलं आणि माईंच्या हातचे मांडे जेवून झोपलो. चाळीच्या दुसऱ्या टोकाला सात-आठ बाया कांदा निवडायला बसल्या होत्या हे मी पाहिलं होतं. निवडताना कांद्याची सालं उडतात, आणि वारा असेल तर लांबवर उडतात, हे देवळ्यातल्या दुधपित्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं.

पाच वाजता जाऊन बघतो तर गलबत नाहीच. त्याच्या जागी एक गुलाबी कोंबडा! अंगभर सालं चिकटून फडफडताहेत. मी एक साल ओढलं, त्याच्याबरोबर व्हार्निशचा लांब पापुद्रा आला. दुसरं ओढायला मी ढिगावर चढलो. (कांद्याच्या ढिगावर माणसानं चढू नये. हेही देवळ्यात सर्वांना ठाऊक असतं.) ढीग घरंगळला. मी कमरेइतका आत गेलो. गलबत डुललं, कललं, आणि माझ्या डोळ्यांदेखत नाकापासून खाली जायला लागलं. मी त्याच्याकडे झेपावलो, त्यामुळे आणखी चार पोती कांदा त्याच्यावर आला. शेवटी नुसतं डोलकाठीचं टोक दिसत होतं. मग कट्कन आवाज आला आणि तेही दिसेना.

बायांनी आरडाओरडा केला. सगळं घर धावत आलं. दिलीपनं आधी मला उपसलं, मग गलबत. मधली डोलकाठी मोडलेली, वल्ही अर्धी कुठंतरी कांद्यात, अंगावर सालं, आणि उरलेला एक डोळा माझ्यावर रोखलेला.

तरी कोणी मला चूक म्हणेना. माई म्हणाल्या की कांद्याचा रंग तसा खुलून दिसतोय. दिलीप म्हणाला, समुद्रात वादळं येतातच. वैशाली माझ्याकडे बघत होती, पण माहेरच्या माणसांसमोर नवऱ्याला बोलायचं नाही म्हणून तिनं ओठ इतके आवळले होते की दिसत नव्हते. मी मान खाली घालून उभा. खरं सांगतो, त्या क्षणी मला पोळ्या नको होत्या, सतरंजी नको होती. कोणीतरी माझ्या कानफटात दोन मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अण्णा काठी टेकत पुढे आले. गलबत हातात घेतलं.

“अरे गधड्या,” ते म्हणाले, “तुले अक्कल शे का नही? तीन दिनपासून देखी ऱ्हायनू मी!”

चाळीत वारासुद्धा थांबला. माईंनी पदर तोंडाला लावला. जावयाला गाढव म्हटलं, ‘तू’ म्हटलं, आणि तेही अहिराणीत! पण बावीस वर्षांचं धरण फुटलं होतं. रेघ, डोळा, वल्ही, व्हार्निश, अण्णांनी एकेक काढून माझी पार सालटी काढली. ते दम घ्यायला थांबले तेव्हा मागून दिलीपचा आवाज आला. तोही आता धीट झाला होता.

“आणि दाजी, तो लसूण व्हता.”

पहिल्यांदा माई हसल्या, मग बाया, मग वैशाली चाळीचा खांब धरून खालीच बसली. शेवटी अण्णाही. मी एकटा रडत होतो, कांद्यामुळे, असं मी सांगितलं.

शनिवारी पहाटेच शाळा भरली. विद्यार्थी एक. अण्णांनी जुनी फूटपट्टी काढली. मी थिनरनं व्हार्निश उतरवलं, रेघेनं उभं घासलं, डोलकाठी सरसानं जोडली, लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात मारले. ते सांगायचे, मी करायचो. हात जड पडला की पट्टी पडायची. दिलीपनं चाळ उपसून वल्ही शोधली. चघळलेल्याच्या जागी मला नवीन करायला लावलं. मी दुपारपर्यंत चार केली. अण्णांनी त्यांना अनुक्रमे उलथनं, पळी, खुंटी आणि ‘काय आहे हे?’ म्हटलं. पाचवं त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितलं आणि काही न बोलता भोकात बसवलं. माझ्या कारखान्यात मला कधी एवढं मोठं प्रमाणपत्र मिळालेलं नाही.

शिडांवरची सालं निघेनात. अण्णांनी चष्मा पुसून पाहिलं. पातळ, शिरा-शिरांची, तांबूस सालं कापडावर बसून शिडं खरोखर हजार वर्षांची वाटत होती. म्हणाले, राहू दे.

उरला डोळा. अण्णांना तो स्वतःच काढायचा होता. ब्रश हातात धरला, पण टोक ठरेना. मग त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला आणि माझं मनगट आपल्या दोन्ही हातांत धरलं. त्यांची थरथर माझ्यात आली, माझी भीती त्यांच्यात गेली असावी. डोळा झाला. थोडा तिरळा झाला.

“असू दे,” अण्णा म्हणाले. “एक समुद्रावर ठेवील, एक तुझ्यावर.”

रविवारी गलबत काचेत गेलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, हे एवढं काम नव्यानं कोणी केलं? अण्णा ताठ उभे राहिले. “मीच. नाशिकहून एक मजूर आणला होता.” टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

तेव्हापासून त्या घरात मला सतरंजी नाही. पंखा ज्याचा त्याच्याकडे असतो. माई म्हणतात, रिकामा बसलायस तर पाणी भर. दिलीप कांदे निवडायला बसवतो. अण्णांचा दर रविवारी फोन येतो, “गधड्या, कधी येस?” आणि मी हे ऑफिसात अभिमानानं सांगतो. जावईबापू कोणीही होतो, त्याला फक्त लग्न करावं लागतं. गधड्याची जागा कमवावी लागते. मला ती मिळाली याबद्दल मी त्या कांद्याचा, त्या वाऱ्याचा आणि व्हार्निशवाल्याचा जन्मभर ऋणी आहे.

गेल्या महिन्यात शेतावर गेलो होतो. समोर वाफा बघितला, वाकून नीट बघितला, पात चुरगाळून वास घेतला, आणि मागे वळून खात्रीनं म्हणालो, “कांदा छान आलाय.”

अण्णा, माई, दिलीप आणि माझी बायको, चौघंही वाफ्याकडे न बघता एका सुरात म्हणाले, “लसूण!”

कांदाच होता. पण आता त्या घरात माझं ऐकतो कोण!